एनबीएवाले (अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे खेळाडू) रस्त्यावरच्या कोर्टवर का खेळतात?

डांबरी_कोर्ट: २०११ च्या लॉकआउटमध्ये (मालक-खेळाडूंच्या वादात लीग बंद होती तेव्हा) एनबीए स्टार केव्हिन ड्युरंटने न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या रकर पार्कात ६६ पॉइंट मारले, तो व्हिडिओ परत बघितला आणि मनात आलं की कोट्यवधींचा करार असताना डांबरावर गुडघा गेला तर काय? टीम अडवत नाही का?

रिबाउंड_भाऊ: अडवतात की! करारातच अट असते, बाहेर खेळायचं तर परवानगी घ्या. मायकल जॉर्डनने मात्र कुठेही, कधीही खेळायची सूट लिहून घेतली होती. त्याची गोष्टच वेगळी म्हणा.

तिसरा_क्वार्टर: नुसत्या डांबराला कशाला दोष? एनबीएत नवा आलेला चेट होल्मग्रेन २०२२ मध्ये सिअ‍ॅटलला बंद हॉलमधल्या प्रो-अ‍ॅममध्ये (व्यावसायिक नि हौशी खेळाडूंच्या एकत्र मॅचमध्ये) स्टार खेळाडू लेब्रॉन जेम्सला अडवताना पाय दुखावून बसला, पहिला अख्खा सीझन गेला बिचाऱ्याचा.

डांबरी_कोर्ट: अरे हो, फरशी दमट झालेली म्हणून मॅचच थांबवलेली ना ती!