निघोजला मुलांनी नेमकं काय मोजायचं?

निघोजच्या सहलीत मुलांनी फोटो काढून अहवाल लिहायचा, असं सुचवलं जातं; त्यापेक्षा अकरावी-बारावीच्या मुलांना तिथल्या कुकडी नदीतले रांजणखळगे (पाण्याबरोबर फिरणाऱ्या गोट्यांनी खडकात कोरलेले रांजणासारखे खड्डे) मोजायला लावा. जानेवारी-फेब्रुवारी बरा, तरी धरणातून पाण्याचं आवर्तन सुटणार आहे का, हे आधी विचारून घ्याच. पाण्याने भरलेल्या घळीकडे फिरकायचं नाही, कडेच्या कोरड्या खळग्यांवरच काम. तोंडाचा व्यास दोनदा घ्यायचा: सगळ्यात लांब बाजूने आणि तिला काटकोनात. खोलीसाठी ओळंबा (टोकाचं वजन) बांधलेली, दर १० सेंमीला गाठ मारलेली दोरी. गडबड इथेच होते. तळाशी गोटे-वाळू साचलेली असते, ओळंबा त्यावरच टेकतो आणि खोली कमी भरते. म्हणून तक्त्यात 'गाळापर्यंत' असं लिहायला लावा. दिशा बघताना होकायंत्र बेसाल्टवर (इथल्या काळ्या खडकावर) ठेवू नका, सुई भरकटू शकते. छातीशी धरा, मोबाइल लांब.