सल्ला हवा: सोलापुरात शाळेच्या एअर रायफल वर्गासाठी मोठ्यांचं ट्रेनिंग कुठे करावं?

जुळे_सोलापूर_पालक
नमस्कार मंडळी. शाळेच्या हॉलमध्ये १० मीटरच्या ६ लेन मांडून रविवारी एअर रायफल वर्ग सुरू करायचा आहे. मुलं २४, वय १० ते १६. रायफली देणगीतून आल्यात, ४ ब्रेक-बॅरल (नळी वाकवून स्प्रिंग ताणायच्या) आणि २ पीसीपी (सिलिंडरमधल्या दाबाखालच्या हवेवर चालणाऱ्या). सांभाळायला चौघं: पीटीचे दोन सर, एक मॅडम आणि मी. चौघांच्या ट्रेनिंगला मिळून ४० हजार. ट्रस्टी म्हणतात, आधी सर्टिफिकेट दाखवा, मग हॉलची किल्ली. कुठला कोर्स, कुठे, आणि त्यात नेमकं काय शिकून यायचं? रायफल कुठली घ्यावी हे विचारलेलं नाही, कृपया.

लेन_नंबर_तीन
नाही विचारलंत तरी सांगतो, ब्रेक-बॅरल विकून टाका. सरळ इलेक्ट्रॉनिक टार्गेट बसवा. आमच्याकडे आहेत. कागद बदलायला कुणी पुढे जातच नाही, अर्धा धोका तिथेच संपला.

जुळे_सोलापूर_पालक
दादा, ४० हजार लिहिलंय. त्या लेनचा हिशोब लाखांत जातो.

कामठी_रिटर्न
शाळेत एनसीसी आहे ना? एएनओ, म्हणजे शाळेतले एनसीसी अधिकारी, ते सर कामठीच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून शिकून आलेले असतात. फायरिंग पॉइंटची शिस्त त्यांच्याइतकी कुणाला येणार? फुकटात काम होईल.

पीपसाइट
शिस्त येते, मान्य. पण एनसीसीचं फायरिंग पॉइंट टू टू (.२२) रायफलीचं, आडवं पडून. पडलेला मुलगा नळी फिरवून फिरवणार किती! इथे दहा वर्षांचं पोर उभं राहून मारणार, आणि गोळी सुटली की रायफल हातात धरूनच मागे वळून विचारणार, 'सर, लागली का?' तेवढ्यात नळी शेजारच्या दोन लेनवरून फिरते. सगळ्यात जास्त घडणारी चूक ही. म्हणून मोठ्या माणसाने उभं कुठे राहायचं इथपासून शिकावं लागतं. उजव्या हाताने मारणाऱ्याची छाती उजवीकडे असते. तुम्ही फायरिंग लाइनच्या थोडं मागे, त्याच्या उजव्या अंगाला उभे राहिलात तर त्याला वळावंच लागत नाही, आणि बोल्ट, बोट, ट्रिगर तुम्हाला दिसत राहतं. तरीही वळलाच तर रायफल हिसकावू नका. हिसका बसला की बोट आवळतं. 'नळी समोर' एवढंच ठणकावून म्हणा. डावखुरा असेल तर दुसरा माणूस डावीकडे.

होटगी_रोड
+१. मी हेच लिहिणार होतो.

डायबोलो
मूळ प्रश्नाचं उत्तर कुणी देईल का? मी देतो. एनआरएआय, म्हणजे राष्ट्रीय रायफल संघटना, कोचचे आणि जजचे कोर्स काढते. कोचसाठी आयएसएसएफचं (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचं) सगळ्यात खालचं लायसन्स 'डी'. जागा निघाल्या की तुमच्या जिल्हा संघटनेमार्फत किंवा महाराष्ट्र रायफल असोसिएशनकडे चौकशी करायची. पण कोच कोर्स शिकवतो पवित्रा, श्वास, निशाणा, ट्रिगर. जज कोर्स शिकवतो नियमावली. तुम्हाला हवाय रेंज ऑफिसर, म्हणजे जो कुणाचाही पवित्रा सुधारत नाही, फक्त लाइनवर डोळा ठेवतो. ही दोन कामं एका माणसाला एका वेळी जमत नाहीत. कोपर दुरुस्त करायला वाकलात की बाकीच्या पाच लेन वाऱ्यावर. ट्रस्टींना फ्रेममधलं सर्टिफिकेट हवं असेल तर कोच कोर्स करा, पण किल्ली त्या कागदावर देऊ नये असं माझं मत.

लेन_नंबर_तीन
अमेरिकेत फोर-एचवाले मोठ्यांना रायफल, पिस्तूल, शॉटगन, धनुष्यबाण अशी प्रत्येक प्रकाराची वेगळी ट्रेनिंग देतात. आपल्याकडे एका कागदात सगळं.

कामठी_रिटर्न
अमेरिका राहू द्या, आधी आपल्या सोलापूरच्या कुमठा नाक्याचं बघा.

डायबोलो
पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. ब्रेक-बॅरल आणि पीसीपी यांचं प्रशिक्षण वेगवेगळंच घ्या, दोन्हींचे धोके वेगळे.

ब्रेक-बॅरल: नळी उघडी असताना ट्रिगर सुटला तर ती स्प्रिंगच्या जोराने वर आपटते आणि पेलेट (छर्रा) भरणारा अंगठा फुटतो. पेलेट भरेपर्यंत दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेली हवी. दहा-बारा वर्षांच्या मुलांना कॉकिंग, म्हणजे स्प्रिंग ताणणं, झेपत नाही, ते मोठ्यानेच करावं. रिकामी उडवू नका, पिस्टनचं सील जातं.

पीसीपी: सिलिंडरवरची तारीख बघा. अनेक कंपन्या १० वर्षांची मुदत देतात, पुढे तो वापरायचा नाही. देणगीतल्या रायफलीत हे हमखास निघतं. साधारण २०० बार दाबापर्यंत भरतात, पण स्वतःच्या सिलिंडरवरचा आकडाच खरा. एप्रिल-मेमध्ये भरलेला सिलिंडर गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका.

होटगी_रोड
एमआयडीसीत ऑक्सिजन भरून देतात, स्वस्तात होईल.

डायबोलो
अजिबात नाही!! दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल-ग्रीसचा अंश एकत्र आला की स्फोट होतो. फक्त कोरडी, श्वसनाच्या दर्जाची हवा, स्कूबा सिलिंडर किंवा हाय-प्रेशर पंपाने. वंगण सिलिकॉनचंच. अॅडमिन, वरचा प्रतिसाद काढा.

होटगी_रोड
नुसतं विचारलं ओ. रागावता कशाला.

आसरा_चौक_मॅडम
रायफलीपलीकडचंही बघा. चौघांचीही पोलीस चारित्र्य पडताळणी करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, एकटा कुणी नको. पवित्रा स्वतः उभं राहून दाखवा. हात लावावा लागलाच तर आधी मुलाला विचारा. पॉक्सो (२०१२) प्रमाणे काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'आधी ट्रस्टींशी बोलू' चालत नाही.

दुसरं, शिसं. पेलेट शिशाचे, आणि मुलांच्या शरीरात ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं. रेंजवर डबा नाही, शेंगाचटणी-भाकरी बाहेर. साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या बाटलीलाही हात नाही. ट्रॅपजवळ (टार्गेटमागे पेलेट अडवणारी पेटी) कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

पीपसाइट
मॅडमना अनुमोदन. आणि डायबोलो म्हणाले तसं नुसत्या कागदावर किल्ली नको, म्हणून परीक्षा घरच्या घरीच घ्या. पेलेटशिवाय, ब्रेक-बॅरल कॉक न करता, एकाने मुलाचं सोंग घ्यायचं: एक मागे वळतो, एक मध्येच पडलेला पेलेट उचलायला पुढे जातो, एकाची रायफल 'उडत नाही'. परीक्षार्थीने पहिल्याच शब्दाला सगळी लाइन थांबवायला हवी. आज्ञा चारच: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. स्टॉप कुणीही म्हणू शकतं, सगळ्यात लहान पोरगंसुद्धा. स्टार्ट फक्त एकजण.

कागद बदलायचा क्रम: अनलोड, बोल्ट उघडा, सेफ्टी फ्लॅग नळीत, रायफल टेबलावर, सगळे पिवळ्या पट्टीमागे, ऑफिसर प्रत्येक लेन डोळ्यांनी तपासतो, मगच पुढे. फ्लॅग पेलेट भरायच्या बाजूने घालून नळीच्या तोंडातून बाहेर दिसायलाच हवा. तरच नळी रिकामी आहे हे लांबून कळतं. गवत कापायच्या मशीनची नारिंगी नायलॉन दोरी चालते, ४.५ मिमीच्या नळीत ३ मिमीची सहज जाते. पेलेट अडकला तर त्यामागे दुसरा मारून बाहेर काढायचा नाही. हवेचा दाब सोडून, रॉडने.

लेन_नंबर_तीन
इलेक्ट्रॉनिक असतं तर हे सगळं करावंच लागलं नसतं.

पीपसाइट
फ्लॅग तिथेही लागतो, साहेब.

कामठी_रिटर्न
एक विचारतो, लायसन्सचं काय?

डायबोलो
४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. मॅच रायफल साधारण साडेसात ज्यूलची. डोळा जायला तेवढे भरपूर झाले, म्हणून चष्मा सगळ्यांना, बघणाऱ्यांनाही. आणि ट्रॅपची पोलादी प्लेट वरून पुढे झुकलेली हवी, म्हणजे तुकडे खाली पडतात.

जुळे_सोलापूर_पालक
सगळ्यांचे आभार. ठरलं ते सांगतो. यंदा कोर्सला कुणालाच पाठवत नाही. पुण्याहून एक अनुभवी रेंज ऑफिसर दोन शनिवार-रविवार इथेच बोलावतोय, चौघांनाही तेच शिकवतील आणि पीपसाइट यांनी सांगितली तशी परीक्षा घेतील. ट्रस्टींना त्यांच्या सहीची परीक्षेची नोंद देऊ, ते तयार झालेत. पीसीपी दोन्ही मुदतबाह्य निघाल्या, कपाटात. ब्रेक-बॅरलवर ३ लेन. एक ऑफिसर, एक शिकवणारा, एक कॉकिंगला, चौथा मागच्या मुलांजवळ.

डायबोलो
एकाला तरी 'डी' करायला लावा. पुढे जिल्हा स्पर्धेला उपयोगी पडेल.

लेन_नंबर_तीन
३ लेनवर २४ पोरं? बाकीची काय भजी तळणार?

जुळे_सोलापूर_पालक
१२-१२ च्या दोन बॅचेस. तिघं मारणार, तिघं त्यांच्या टार्गेटच्या कागदावरचे गुण मोजून वहीत लिहिणार, सहा जण हॉलच्याच मागच्या बाजूला चौथ्या माणसाबरोबर लाकडी रायफलीवर पवित्रा. चष्मे १६ मागवतोय. ३ मिमीची नायलॉन दोरी नवी पेठेत कुणाकडे मिळेल, तेवढं सांगा.