बॅक्टेरिया आणि झाडं लावून हलक्या दगडातून तांबं-निकेल खरंच निघतं का?

गोंदिया_पॅसेंजर

नमस्कार मंडळी. माझे मामा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत तीस वर्षं होते, आता रिटायर होऊन गोंदियाला असतात. त्यांनी लहानपणी मला एक दगड दिला होता, पिवळाधमक, सोन्यासारखा चमकणारा, तो अजून माझ्या टेबलावर आहे. मामा म्हणतात यात तांबं आहे पण असा भरगच्च तुकडा क्वचित मिळतो, बाकी खाणीतल्या दगडात शंभर किलोमागे किलोभर तांबं असलं तरी पुष्कळ, आणि त्याहून हलका माल डंपवर, म्हणजे खाणीच्या टाकाऊ ढिगावर जातो.

आता परवा एक व्हिडिओ बघितला, त्यात सांगत होते की बॅक्टेरिया दगडातलं तांबं खाऊन बाहेर काढतात आणि काही झाडं मुळांतून निकेल ओढतात, मोहरी तर म्हणे सोनं ओढते. मी बीएस्सी केमिस्ट्री केलंय पण हे असं कधी शिकवलं नाही. माझे प्रश्न दोन. एक, हे खरंच कुठे मोठ्या प्रमाणावर चालू आहे का, की फक्त लॅबमध्ये? आणि दुसरा, ज्या डंपवर वर्षानुवर्षं हलका माल पडून आहे तिथे झाडं लावून गावातल्या पोरांना काही उत्पन्न होऊ शकतं का? मनापासून विचारतोय, ज्यांनी या कामात हात घातलाय त्यांनी जरा सविस्तर सांगा.

वऱ्हाडी_चिलीत

भाऊ, प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण मी हेच काम चार वर्षं केलंय, उत्तर चिलीच्या वाळवंटात, तांब्याच्या हीप लीचवर, म्हणजे दगडाचे ढीग लावून त्यावर आंबट पाणी सोडून तांबं काढतात तिथे. लॅबमधलं नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगतो.

आधी एक गैरसमज काढू. बॅक्टेरिया तांबं खात नाहीत. ते लोखंड आणि गंधक खातात. मुख्य बॅक्टेरियाचं नाव ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स, १९४७ मध्ये अमेरिकेतल्या कोळसा खाणींमधून झिरपणाऱ्या आंबट पाण्यात सापडला. तू केमिस्ट्रीवाला आहेस म्हणून सांगतो, पाण्यातल्या लोखंडाचं फेरस रूपातून फेरिक रूपात ऑक्सिडेशन करून तो आपली ऊर्जा मिळवतो, ते फेरिक दगडातल्या सल्फाइडवर, म्हणजे धातू आणि गंधकाच्या संयुगावर तुटून पडतं, तांबं सुटून पाण्यात येतं आणि फेरिकचं परत फेरस होतं, की बॅक्टेरिया परत त्याचं फेरिक करायला तयार. हे चक्र फिरत राहतं. इतक्या आंबट पाण्यात फेरसचं फेरिक व्हायला नुसत्या हवेवर सोडलं तर वर्षं जातात, बॅक्टेरिया तोच वेग लाखो पटींनी वाढवतात. पाण्याचा पीएच दीड-दोनच्या आसपास ठेवावा लागतो, तिथे दुसरं फारसं काही जगत नाही पण या मंडळींना तेच घर.

आता ढीग कसा लावतात ते. दगड फोडून बारीक करायचा, मग फिरत्या ड्रममध्ये गंधकाचं ॲसिड आणि पाणी मारत घोळवायचा, बुंदीला पाक लागतो तसा बारीक चुरा मोठ्या खड्यांना चिकटतो. हे का करायचं, तर चुरा सुटा राहिला की पाण्याच्या वाटा बुजतात. मग खाली जाड प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर भोकं असलेले पाइप, त्यावर सहा ते दहा मीटर उंच ढीग, आणि ढिगाच्या डोक्यावर ठिबक. हो, आपल्याकडे संत्र्याला आणि द्राक्षाला असतं तसंच ठिबक! मी पहिल्यांदा त्या वाळवंटात काळ्या नळ्यांच्या रांगा बघितल्या तेव्हा मला आमचा बगीचाच आठवला. खालच्या पाइपांतून ब्लोअरने हवा सोडतात कारण या बॅक्टेरियाला ऑक्सिजन लागतो आणि कार्बन डायऑक्साइडही, तो त्याचं शरीर हवेतल्या कार्बनवर बांधतो, झाडासारखं. वरून थेंब थेंब आंबट पाणी, खालून हवा, आणि महिनोन्महिने वाट बघायची.

माझी ड्युटी रोज सकाळी ढिगावर चालायची होती. काय बघायचं, तर कुठे ड्रिपर चोक झालाय, कुठे पाणी साचतंय. एका ठिकाणी मातकट चुरा जास्त होता, ड्रममध्ये नीट घोळला गेला नव्हता, तिथे वर डबकं दिसायला लागलं. बघायला केवढंसं ते, पण डबक्याखाली हवा पोचत नाही, हवा नाही तर बॅक्टेरिया उपाशी, आणि त्या पट्ट्यातून येणाऱ्या पाण्यात कित्येक महिने तांबं कमीच निघालं. शेवटी तो भाग खणून परत लावावा लागला. म्हणून मला कोणी म्हणालं की बॅक्टेरिया सोडा आणि विसरा तर मला राहवत नाही, यात सगळं लक्ष पाणी आणि हवेकडे द्यावं लागतं, अगदी शेतीसारखं.

खाली जमलेलं निळसर-हिरवं पाणी मग सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनला जातं, रॉकेलसारख्या तेलात विरघळवलेलं एक केमिकल त्यातून फक्त तांबं उचलतं, आणि शेवटी वीज देऊन पत्र्यांवर ९९.९९ टक्के शुद्ध तांबं चढतं. भट्टी नाही, धुराडं नाही. चिलीत लो अगिरे खाणीत १९८० पासून हे व्यापारी पातळीवर सुरू झालं, एस्कोंदिदासारख्या जगातल्या सगळ्यात मोठ्या तांब्याच्या खाणीनेही २००६ मध्ये हलक्या सल्फाइड मालासाठी बॅक्टेरियाचा ढीग सुरू केला. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो, मोठ्या प्रमाणावर आणि खूप वर्षं.

पण मामांच्या दगडाबद्दल एक वाईट बातमी. पिवळाधमक म्हणजे तो चाल्कोपायराइट असणार, मलाजखंडचं मुख्य खनिज तेच. चाल्कोसाइट नावाचं काळपट खनिज असलं तर वर्षभरात बरंचसं तांबं उतरतं, चाल्कोपायराइट मात्र हट्टी, त्याच्या अंगावर एक थर चढतो आणि काम अडकून बसतं. साठ-सत्तर अंशांवर जगणारे दुसरे सूक्ष्मजीव आहेत ते त्याला फोडतात, पण ढीग इतका गरम ठेवणं सोपं नाही. खनिज कोणतं यावर निम्म्याहून जास्त गोष्ट ठरते, नुसतं टक्के बघून चालत नाही.

संत्रा_बागायतदार

वरचं वाचून एक सांगावंसं वाटलं. ते निळसर पाणी म्हणजे मोरचूदाचंच पाणी की. आम्ही संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतो त्यातला मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. लोखंडी ड्रममध्ये मोरचूद कालवू नका असं आमचे आजोबा बजावायचे, ड्रम खातो म्हणून, प्लॅस्टिकच्याच भांड्यात कालवायचं. आता कळलं की तिथे तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड पाण्यात जातं.

वऱ्हाडी_चिलीत

अगदी बरोबर दादा, आणि सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन यायच्या आधी खाणवाले तांबं असंच काढायचे. स्पेनमध्ये रिओ तिंतो नदी आहे, पाणी लालभडक आणि आंबट, तिथे खाणीतल्या पाण्यात भंगार लोखंड टाकून तांबं गोळा करायचे. त्या काळात बॅक्टेरियाचं नावही कोणाला माहीत नव्हतं, काम मात्र तेच करत होते. @गोंदिया_पॅसेंजर, घरी बघायचं असेल तर काचेच्या ग्लासात लिटरला दहा-पंधरा ग्रॅम या हिशेबाने मोरचूद विरघळव, आमच्या ढिगातून येणारं पाणी तांब्याच्या बाबतीत साधारण तेवढंच असायचं. त्यात घासून स्वच्छ केलेला खिळा टाक. पण मामांच्या दगडावर बॅटरीचं ॲसिड वगैरे ओतू नकोस, त्याने हात भाजतील आणि तांबं काही निघणार नाही.

सड्यावरची

झाडांचा भाग मी घेते, माझं पीएचडीचं काम याच झाडांवर चाललंय आणि लोक मोहरी-सोन्याच्या व्हिडिओवरून भलत्या आशा लावतात ते बघून वाईट वाटतं.

मोहरीचं आधी. १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी आपल्याच मोहरीच्या झाडांत सोनं चढवून दाखवलं हे खरं आहे. पण मोहरी स्वतःहून सोनं ओढत नाही. त्यांनी मातीत अमोनियम थायोसायनेट घातलं, त्याने सोनं विरघळलं, मग ते झाडात गेलं. म्हणजे सोन्यासाठी मातीत रसायन ओतावं लागतं आणि ते खाली भूजलात जाऊ शकतं. गावाजवळ मी असं कोणाला करू देणार नाही.

निकेलची गोष्ट मात्र वेगळी आणि खरोखर सुंदर आहे. काही झाडं आपणहून निकेल साठवतात, वाळलेल्या पानात किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त निकेल असलं की त्याला हायपरॲक्युम्युलेटर म्हणायचं, आणि अशी शेकडो झाडं माहीत आहेत. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे, पिकनँड्रा ॲक्युमिनाटा, त्याच्या खोडाला चीर दिली की निळा-हिरवा चीक येतो. वडाला किंवा रुईला पांढरा चीक येतो ना, तसाच, फक्त रंग मोरचूदासारखा. तो चीक वाळवला तर त्यात २५ टक्क्यांपर्यंत निकेल असतं. अल्बेनियात ओह्रिड तळ्याच्या बाजूच्या जमिनींवर पिवळ्या फुलांचं एक झुडूप, ओडोंटरीना, शेतात पेरून खत देऊन वाढवतात. हेक्टरी दहा टन वाळलेला पाला आणि त्यात एक टक्का निकेल धरा, म्हणजे शंभर किलो. पाला जाळला की राखेत निकेल १५ टक्क्यांच्या वर जातं, खाणीतल्या नेहमीच्या दगडापेक्षा जास्त. मलेशियात सबाह इथे फायलँथसची एक जात आहे, आपल्या आवळ्याच्या आणि भुईआवळ्याच्या कुळातली, ती छाटली की परत फुटते त्यामुळे दरवर्षी पेरायला नको.

पण हे सगळं कुठे, तर सर्पेंटाइन मातीत, म्हणजे मॅग्नेशियम-लोखंड भरपूर असलेल्या खडकापासून झालेल्या मातीत, जिथे निकेल भरपूर पण इतकंही नाही की खाण परवडावी, आणि जिथे नाहीतरी पिकं खुरटतात. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीत हे चालणार नाही. सिंधुदुर्गात कणकवलीजवळ जानवली-वागदे भागात क्रोमाइट (क्रोमियमचं खनिज) आहे, ते अशाच खडकात सापडतं, म्हणून त्या प्रकारच्या खडकावरची रानटी झाडं तपासायला हवीत असं मला फार वाटतं. ओडिशात सुकिंदाच्या क्रोमाइट खाणींच्या ओव्हरबर्डनमध्येही, म्हणजे वरून काढून टाकलेल्या माती-दगडातही निकेल आहे, तिथे भुवनेश्वरच्या आयएमएमटी या संशोधन संस्थेने बुरशी आणि बॅक्टेरिया वापरून ते काढण्यावर काम केलंय.

आणि तुमचा दुसरा प्रश्न, दादा. तांब्याच्या डंपवर झाडं लावून तांबं विकता येणार नाही. तांबं मुळांनाच विषारी असतं, बहुतेक झाडं ते मुळातच अडवून ठेवतात, वर पानात चढू देत नाहीत. तिथे झाडं लावायची ती धूळ आणि वाहून जाणारी माती थांबवायला. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने मँगनीजच्या डंपवर हे केलंय, गुमगावला, साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाच्या रसातून निघणारा गाळ) घातला, मायकोरायझा (मुळांना मदत करणारी बुरशी) आणि नत्र धरणारे जिवाणू रोपांच्या मुळाशी दिले आणि उघड्या दगडावर हिरवळ उभी केली. त्यात पोरांना नर्सरीचं, लावणीचं, राखणीचं काम मिळू शकतं. एक कळकळीची विनंती, अशा जागेवर भाजी, मोहरी, चारा काहीही खायचं लावू नका, मोहरी शिसं आणि कॅडमियम पानात घेते आणि पान हिरवंगार दिसतं, कळत नाही.

उत्तरेकडचा_सोलापूरकर

मी फिनलंडला असतो म्हणून इथलं उदाहरण देतो, कारण दोन्ही बाजू कळायला पाहिजेत. इथे सोत्कामोला काळ्या शिस्ट दगडात निकेल पाव टक्क्याच्या आसपास आहे, कोणी हात लावला नसता, पण २००८ पासून बॅक्टेरियाच्या ढिगातून काढायला लागले. बाहेर उणे तीस आणि ढीग आतून गरम, कारण सल्फाइडचं ऑक्सिडेशन होताना उष्णता सुटते. आधी वर्ष-दीड वर्ष एका ढिगात, मग तोच माल उचलून दुसऱ्या ढिगात आणखी काही वर्षं. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथला जिप्समचा गाळ साठवायचा तलाव गळला, धातू असलेलं पाणी आजूबाजूच्या पाण्यात गेलं, आणि ती खाण चालवणारी तलविवारा कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. नंतर सरकारी मालकीच्या टेराफेमने ती खाण घेतली आणि तीच पद्धत अजून चालू आहे. म्हणजे बॅक्टेरिया नापास झाले नाहीत, पाण्याचा हिशोब चुकला. बर्फ वितळतो, पाऊस पडतो, ते सगळं पाणी आंबट होऊन कुठेतरी साठवावं लागतं. आपल्याकडे तर पावसाळा आहे, बालाघाट-गोंदियाला जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोसळतो. चिलीच्या वाळवंटात जो ढीग सोपा तो आपल्याकडे चार महिने झाकायचा कसा, याचं उत्तर आधी तयार पाहिजे.

वऱ्हाडी_चिलीत

हे एकदम खरं. मी चार वर्षांत पाऊस एकदाच पाहिला. पावसाच्या देशात हट्टी दगडासाठी ढिगापेक्षा टाक्या बऱ्या, पण टाकीचा खर्च बहुतेक सोन्यालाच परवडतो. दक्षिण आफ्रिकेत फेअरव्ह्यू खाणीत १९८६ पासून तेच करतात, चाळीस अंशांच्या टाक्यांत बॅक्टेरिया आर्सेनोपायराइट हे सोनं अडकवून ठेवणारं सल्फाइड खनिज पोखरतात, आतलं सोनं उघडं पडतं आणि मग सायनाइड ते काढतं. आपल्याकडे बेंगळुरूच्या आयआयएससीत प्रा. के. ए. नटराजन यांनी या विषयावर कित्येक वर्षं काम केलं. @गोंदिया_पॅसेंजर, शिकायचं असेल तर केमिस्ट्रीनंतर या दिशेला नक्की जा, माणसं कमी आहेत.

गोंदिया_पॅसेंजर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री मोरचूद आणून खिळा टाकला, मामा शेजारीच बसले होते. दोन मिनिटांत खिळा लालसर झाला आणि सकाळी बघतो तर खिळ्यावर तपकिरी गाळ चढलेला, बोटाने निघतो. मामा तो गाळ कागदावर घेऊन उन्हात बराच वेळ बघत राहिले, म्हणाले तीस वर्षं आम्ही दगड फोडला, दळला, फेस करून वेगळा केला आणि गाडीत भरून पाठवला, तांबं असं पाण्यातून येताना कधी बघितलं नाही. ताई, जानवलीच्या झाडांचं तुम्ही म्हणालात, पाल्याचे नमुने गोळा करायला माणूस लागला तर दिवाळीनंतर मी यायला तयार आहे, तेवढं कसे आणि किती घ्यायचे ते सांगा.

सड्यावरची

नक्की या. प्रत्येक झाडाची पूर्ण वाढलेली पानं घ्यायची, कोवळी नाही, साध्या कागदी पाकिटात, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. पानं आधी चांगल्या पाण्याने धुवायची, लाल धूळ राहिली तर त्या धुळीतलंच निकेल मोजलं जातं. आणि त्याच झाडाच्या मुळाजवळची मूठभर माती वेगळ्या पाकिटात, दोन्हीवर एकच नंबर. मेसेज करते.