मदत हवी : हलत्या कॅमेऱ्यातला झोंबी पिक्चर बघावा काय? लवकर सांगा

टिळकवाडीवाला : मंडळी, आज रात्री खानापूरला मावशीकडं सगळे जमतोय, पाऊस असा लागलाय की बाहेर पाय टाकायची सोय नाही, म्हणून तो झोंबीचा पिक्चर लावू म्हणतोय, हातातल्या कॅमेऱ्यानं शूट केलेला. खरंच भारी आहे की उगाच हवा? एकजण जबरदस्त म्हणतो, एकजण मळमळलं म्हणतो.

निपाणीकर : कुठला? असले ढीगभर आहेत. नाव टाक की.

टिळकवाडीवाला : अहो तोच, टीव्हीवाली पोरगी फायर ब्रिगेडबरोबर जाते आणि बिल्डिंगमध्ये अडकते.

रातकिडा : मग 'रेक', 2007 चा, बार्सिलोनातला. लाव बिनधास्त. सुरुवातीला फायर स्टेशनवर नुसता टाइमपास, तिथं कंटाळून उठू नका, नंतर पोलीस बाहेरनं बिल्डिंग सील करतात आणि का ते कोण सांगत नाही, तिथनं पोटात गोळा. शेवटी वरच्या खोलीत नाईट व्हिजनमध्ये ती हातोडीवाली...

शहापूर गल्ली : अरे मर्दा, शेवट कशाला सांगतोस!

निपाणीकर : स्पॅनिश वाचत कोण बसणार, त्याचाच इंग्लिश 'क्वारंटाइन' आहे 2008 चा, तो लाव. बऱ्यापैकी तसाच्या तसा, त्यात रेबीजसारख्या रोगाचं कारण दिलंय, पटतं तरी.

रातकिडा : कॉपी ती कॉपीच. पोस्टरवरच शेवटचा सीन छापलाय लोकांनी. मूळ पिक्चरमधला भूतबाधेचा भाग काढला की राहिलं काय?

कॅम्पातली ताई : बघणारं कोण कोण आहे ते सांग आधी.

टिळकवाडीवाला : आम्ही भावंडं, मावशी, आणि सहावीतला भाचा.

कॅम्पातली ताई : भाच्याला झोपव बाबा. आणि गाडी लागणारं कोण असेल तर मागं बसव, लाइट चालू ठेव. डोळ्याला हलतंय वाटतं आणि कान म्हणतो बसलोय, म्हणून मळमळतं.

शहापूर गल्ली : मावशीला गाडी लागते काय?

टिळकवाडीवाला : लागते की. चोर्ला घाटात दरवेळी.

निपाणीकर : घाट आता बरा झालाय काय रे? पुढच्या आठवड्यात पणजीला जायचंय.

रातकिडा : तिसरा भाग पण बघा, लग्नातला. अर्ध्या तासाच्या आत कॅमेरा सोडून साधा पिक्चर होतो, मावशीला तोच चालेल.

टिळकवाडीवाला : तीन भाग?? अहो ते राहू दे, पेनड्राइव्हवरनं टीव्हीला सबटायटल कसं लावायचं ते सांगा, सगळे येऊन बसलेत.