फेसचं फेसेस, मग हँडचं हँड्स का नाही?

राजारामपुरीतली आई
सातवीतल्या पोरीचा टेस्टचा पेपर सहीसाठी घरी आलाय. तिनं 'द बॉइज वॉश्ड देअर फेस' लिहिलंय, त्यावर लाल रेघ आणि वर 'फेसेस'. बरं, असेल म्हटलं. खाली 'अवर नेबर्स गेव्ह अस हँड्स', म्हणजे शेजाऱ्यांनी मदत केली अशा अर्थानं, तर तिथं उलटं, हँड्स खोडून 'अ हँड' केलंय. दोन्हीचे मार्क गेले. आता पोरगी विचारतीय की पोरं अनेक तर तोंडं अनेक, मग शेजारी अनेक असून हात एकच कसा, आणि मी काय सांगणार, आमचं सगळं मराठी मीडियम, आम्ही आपलं 'सगळ्यांनी तोंड धुतलं' म्हणतो आणि पुढं जातो. शाळेत फोन करावा तर मार्कांसाठी भांडायला आल्या म्हणतील. यात काय नियम आहे, की पाठच करायचं?

पांढरा रस्सा
सोपं आहे की ओ. दहा पोरं, दहा तोंडं, मोजायचं आणि एस लावायचा. त्या हाताचं मात्र मलापण कळंना 😄

रिटायर मास्तर
ताई, पोरीनं डोक्यातलं मराठी वाक्य तसंच्या तसं उतरवलंय, बाकी तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडं 'आपापला' हा शब्द आहे. 'सगळ्यांनी आपापला डबा उघडा' म्हटलं की ज्याचा त्याचा एकेक, ही वाटणी तो शब्दच करून टाकतो आणि डबा खुशाल एकवचनी राहतो. घाईत आपण तो शब्दही गाळतो, 'डबा उघडा रे' म्हटलं तरी भागतं. इंग्रजीतलं 'देअर' सगळ्यांचं मिळूनही असतं आणि ज्याचं त्याचंही, त्यामुळं वाटणी नामावर येऊन पडते, म्हणून 'देअर टिफिन्स'. नुसतं टिफिन लिहिलं तर सगळ्यांत मिळून एकच डबा वाटायचा.

पोरीला हे सांगून बघा. 'द टू गर्ल्स केम विथ देअर फादर' म्हणजे बहिणी. 'देअर फादर्स' म्हणजे मैत्रिणी, दोघींचे बाप वेगळे. एका एसनं नातं बदलतं. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरनं 'सर, टू ब्रदर्स अँड देअर वाइफ' असं कोणतरी ओरडायचंच, आणि खरं सांगायचं तर त्यानंच पोरांच्या जास्त ध्यानात राहायचं.

आता हात. 'गिव्ह अ हँड' म्हणजे मदत करणं, तो अख्खा वाक्प्रचार आहे, त्यातले हात कोण मोजत नाही. 'कीप ॲन आय ऑन' तसंच, पाच जणांनी लक्ष ठेवलं तरी आय एकच. आत अ किंवा ॲन घट्ट बसलेला असला की हात लावू नका. देअर असलं तर मात्र बहुतेक वेळा अनेकवचन, मग वाक्प्रचार का असेना, 'दे चेंज्ड देअर माइंड्स', 'दे लॉस्ट देअर लाइव्हज'. लाइव्हजच्या जागी लाइफ तर चांगले शिकलेले पण लिहितात.

पांढरा रस्सा
मास्तर, इंग्रजीत रिस्पेक्टिव्ह आहे की, तेच आपापला.

रिटायर मास्तर
आहे, पण ते नोटीस बोर्डावरचं इंग्रजी. आणि ते घातलं तरी 'देअर रिस्पेक्टिव्ह टिफिन्स'च, एस कुठं सुटतोय?

तालमीतला
माझा पण प्रश्न घ्या. कुस्तीच्या व्हिडिओखाली मी 'बोथ रेसलर्स स्लॅप्ड देअर थाय' टाकलेलं, दोघांनी शड्डू ठोकला म्हणून, तर एक दोस्त म्हणतो दोन पैलवान आणि मांडी एकच व्हय रे? नाद खुळा हसली पोरं. थाइज केलं, पण आता प्रत्येकानं एकच मांडी ठोकली की दोन्ही ते कसं कळायचं?

रिटायर मास्तर
नाही कळत. चांगलं पकडलंस. 'द स्टुडंट्स रेज्ड देअर हँड्स' मध्येपण एक हात की दोन ते प्रसंगावरनं समजून घ्यायचं. अगदी स्पष्टच पाहिजे असलं तर ईच घे, 'ईच रेसलर स्लॅप्ड हिज थाय', मग सगळं एकवचनात. आपलं तरी काय वेगळं आहे, हाताचं अनेकवचन हातच, 'वर केला' की 'वर केले' यावरनं ओळखायचं. आणि सगळंच असं काटेकोर नसतं बरं का, 'वी ऑल हॅव अ गुड ॲपेटाइट' आणि 'गुड ॲपेटाइट्स' दोन्ही चालतं.

राजारामपुरीतली आई
मास्तर, फादर-फादर्सचं पोरीला झटक्यात कळलं, थँक्यू. मार्कांचं राहू दे. रात्री दुधीची भाजी बघून दोघा पोरांनी नाक मुरडलं, तर हीच ताटावरनं विचारतीय, आई, आमचं नोज का नोजेस?

रिटायर मास्तर
'दे टर्न्ड अप देअर नोजेस'. भाजी संपली का पण?

राजारामपुरीतली आई
कुठली ओ. सकाळी पराठ्यात घालणार आहे.