मदत हवी आहे: डेटा उत्तम, पण व्होल्टी (फोर-जीवरूनच होणारा कॉल) चालत नाही

आईचा अँड्रॉइड फोन भावाने अमेरिकेतून आणलाय, अनलॉक्ड आहे, म्हणजे एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला नाही. गाव पाटणजवळ. फोर-जी डेटा छान चालतो, पण कॉल लावला की वरचं फोर-जी जाऊन 'ई' येतं, रिंग वाजायला दहा-बारा सेकंद लागतात आणि बोलणं संपेपर्यंत नेट बंद. म्हणजे कॉल डेटावरून न जाता टू-जीवर उतरतोय, एवढं कळलं.

सेटिंगमध्ये व्होल्टीचं बटणच नाही. फोनच्या लपलेल्या टेस्टिंग मेनूत आयएमएस (फोर-जी किंवा वायफायवरून कॉल जोडणारी कंपनीची यंत्रणा) 'नॉट रजिस्टर्ड' दाखवतं. हेच सिम माझ्या फोनात, त्याच ओसरीवर बसून टाकलं तर लगेच व्होल्टी आलं. त्यामुळे सिम आणि टॉवर ठीक असावेत. नेटवर्क रीसेट, सॉफ्टवेअर अपडेट झालं. ग्राहकसेवेच्या सांगण्यावरून सिमही बदललं, फरक नाही.

रूट (फोनच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवणं) करायचं नाही, त्यात आईचं बँकेचं ॲप आहे, ते बंद पडू शकतं. व्हॉट्सॲप कॉलही नको, दवाखान्यातून साधाच फोन येतो. घरी वायफाय आहे, पण वायफाय कॉलिंगलाही आयएमएस नोंदणी लागतेच.

फोनमध्ये इथल्या कंपनीचं कॅरियर प्रोफाइलच (त्या कंपनीच्या नेटवर्कसाठीची सेटिंग) नसेल, तर रूट न करता व्होल्टी सुरू करता येतं का? कुणी प्रत्यक्ष केलंय का?