कुश्कॉय (तुर्कस्तान): भूगोल पाहण्यासाठी कधी जावे आणि काय पाहावे?

नमस्कार. मी शाळेत भूगोल शिकवते. काळ्या समुद्राजवळच्या गिरेसुन प्रांतातील कुश्कॉय या लहान खेड्यात दोन दिवस राहण्याचा विचार आहे. तिथली माणसे शिट्टीच्या भाषेत बोलतात, हे ठाऊक आहे. पण ती भाषा ज्या डोंगरदऱ्यांतून जन्मली, त्या मला पाहायच्या आहेत. मे महिन्याच्या सुट्टीत जावे की दिवाळीच्या? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
मे महिन्यातच जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. तिथले डोंगर सह्याद्रीप्रमाणेच समुद्राला समांतर उभे आहेत, पण पाऊस कोकणासारखा चार महिन्यांत आटोपत नाही; तो वर्षभर पडतो आणि शरद ऋतूत सर्वाधिक जोर धरतो, त्यामुळे दिवाळीत धुक्याने दरी दिसेनाशी होण्याची भीती असते. गावाला एकच गावठाण असेल अशी कल्पना करू नये. सपाट जमीन जवळजवळ नसल्याने घरे उतारांवर, आपापल्या हेझलनटच्या बागांत विखुरलेली आहेत. मी ज्या घरी उतरलो होतो, तिथून समोरच्या उतारावरच्या अंगणात वाळत घातलेले कपडे एकेक करून मोजता येत होते, मात्र ओढ्यापर्यंत उतरून पुन्हा तिथवर चढायला मला पाऊण तास लागला. हा एक फेरा आपण अवश्य करावा, कारण हाक जिथे विरते तिथे शिट्टी का लागते, हे त्या चढणीवर पायांनाच कळते.

प्रतिसाद २:
ओर्दू-गिरेसुन विमानतळावर उतरावे. तो 2015 साली समुद्रात भराव घालून बांधला आहे, तेव्हा सपाट जागेची टंचाई विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासाठी हेच पहिले उदाहरण ठरेल. तिथून किनाऱ्याने पूर्वेला गोरेलेपर्यंत जाऊन, मग चानाकचीच्या दिशेने डोंगरात वळावे.

प्रतिसाद १ (पुरवणी):
एक कळकळीची विनंती आहे. ही शिट्टी म्हणजे ठरावीक खुणा नव्हेत; तुर्की शब्दांचे उच्चारच शिट्टीत उतरवलेले असतात, आणि मोबाइल आल्यापासून तिचा वापर घटल्यामुळे युनेस्कोने 2017 साली तातडीने जपण्याच्या वारशांत तिची नोंद केली. म्हणून कोणालाही शिट्टी वाजवून दाखवायला सांगू नये. बागेत काम चालू असताना बांधावर शांत बसावे; समोरच्या उतारावरून कोणी साद घातली, तर ती आपोआप कानी पडेल.